गमबूट, काटा आणि न्यूटन

प्रश्न : केळीच्या बागेत चिखलात वावरायला गमबूट घेतले. खोक्यावर वजन 850 ग्रॅम छापलंय, पायात मात्र बरेच जड लागतात. माणसांचं वजन करायच्या काट्यावर ठेवले तर आकडाच उमटत नाही. वर बारावीतला मुलगा म्हणतो, ‘ग्रॅम म्हणजे वजन नाहीच, ते वस्तुमान.’ खरं काय?
– एक वाचक, ता. यावल

उत्तर : भाऊ, जळगावात काटे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, म्हणून आधी काट्याचं बोलतो. माणसांच्या काट्याला हलकी वस्तू दिसतच नाही, आणि दिसली तरी तो शंभर-शंभर ग्रॅमच्या उड्या मारतो. स्वयंपाकघरातला पाच किलोचा काटा घ्या. त्यावर रिकामं घमेलं ठेवून आकडा शून्य करा, मग कोरडा, धुतलेला एक बूट घमेल्यात आडवा ठेवा. बुटाचं टोक भिंतीला किंवा ओट्याला टेकलं की आकडा खोटा. काट्यावर भरवसा नसेल तर दहा रुपयांची दहा नाणी टाकून बघा, 77 ग्रॅमच्या आसपास यायला हवीत. सराफाच्या काचपेटीतल्या काट्यावर बूट नेऊ नका, हाकलून देतील!

खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा एकाच बुटाचा असतो, तोही मधल्या मापाचा. तुमचा पाय दहा नंबरचा असेल तर बूट जास्त भरणारच. दुकानदाराला लगेच लबाड ठरवू नका.

आता मुलगा. तो बरोबर आहे. वस्तुमान म्हणजे वस्तूत ऐवज किती, ते ग्रॅम-किलोत मोजतात. वजन म्हणजे त्या ऐवजावरची पृथ्वीची ओढ, ती न्यूटनमध्ये मोजतात. आपल्याकडे एका किलोला साधारण 9.79 न्यूटन. म्हणजे 900 ग्रॅमचा बूट 8.8 न्यूटनचा. इलेक्ट्रॉनिक काटा मोजतो ती ही ओढच, फक्त आकडा ग्रॅममध्ये दाखवतो. जळगावात जुळवलेला तोच काटा उत्तर ध्रुवावर नेला तर बूट 904 ग्रॅम दाखवील, चंद्रावर जेमतेम 150. दोन पारड्यांचा जुना तराजू मात्र तिथेही 900च सांगेल, कारण वजनमापंही तितकीच हलकी होतात. बाजारात कुणी ‘दोन न्यूटन मिरच्या द्या’ म्हणत नाही, तेव्हा घरात वाद नको.

पण तुमच्या दमण्याचं उत्तर मुलाच्याच शब्दात आहे. प्रत्येक पावलाला बूट उचलायचा, पुढे झोकायचा, थांबवायचा. झोकायला आणि थांबवायला लागणारा जोर वस्तुमानावर ठरतो, तो चंद्रावरही कमी होणार नाही. म्हणून पाठीवरच्या किलोपेक्षा पायातला किलो कितीतरी जास्त दमवतो. पळणाऱ्यांवरच्या प्रयोगांत प्रत्येक बुटात 100 ग्रॅम वाढले की शक्ती सुमारे एक टक्का जास्त लागते असं दिसलंय. आणि तुमच्याकडची काळी माती! पाऊस पडून गेल्यावर बागेतून आलात की बूट न धुता घमेल्यात ठेवा आणि आकडा बघा. खोक्यावरच्या ग्रॅमांपेक्षा मला त्या चिखलाचा जास्त संशय आहे.

पुढची जोडी घेताना दुकानात काटा मागून आपल्याच मापाचा बूट मोजून घ्या. तळाच्या खाचा रुंद असलेला बघा, अरुंद खाचांत माती अडकून बसते. आणि ढिला बूट घेऊ नका, चिखलात तो पायातून निघतो आणि प्रत्येक पावलाला बोटं आवळून धरावा लागतो.