स्लीव्ह सर्जरीनंतर (वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन) तिसऱ्या महिन्यात वजन अडकलंय, काय करू?
14 किलो उतरले आणि आता तीन आठवडे काटा जागचा हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका, सर्जरी फसलेली नाही. असे थांबे येतातच. वजन साधारण वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं. माझंही अडकलं होतं, पण त्याच महिन्यात सलवारीची नाडी चार बोटं जास्त ओढावी लागली. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच करा, कंबर मोजा.

जेवताना आधी पनीर, अंडं, मूगडाळ. दिवसाला 60 ग्रॅम तरी प्रोटीन. चहाबरोबरच्या बिस्किटांवर मात्र लक्ष ठेवा. ती चहात विरघळून सरकन खाली उतरतात, पोट भरल्यासारखं वाटतच नाही. आणि खाणं आणखी तोडू नका हो, अशक्तपणा येतो, केस गळतात. अजून महिनाभर असंच राहिलं तर डाएटिशियनला भेटा, रोजचं खाणं लिहून न्या.