१९००च्या सुमाराची अमेरिकन नेत्यांची पत्रं: सही खरी कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की थिओडोर रूझवेल्ट, टाफ्ट, विल्सन या राष्ट्राध्यक्षांच्या काळातल्या नेत्यांची सहीची पत्रं जमवायची आहेत, बजेट बेताचं आहे आणि फसवणुकीची धास्ती वाटते. मी ओहायोत राहते. टाफ्ट आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग दोघंही इथलेच, त्यामुळे बारा वर्षांपूर्वी हा नाद लागला तो कायमचा.

धास्ती रास्त आहे. पण या काळातल्या पत्रांत भामट्यांपेक्षा सेक्रेटरींच्या सह्यांनीच लोक जास्त फसतात. सही करणारं यंत्र, म्हणजे ऑटोपेन, बाजारात आलं १९४०च्या दशकात. त्याआधी टपालाचा ढीग उपसायचा तर साहेबांच्या नावाची सही सेक्रेटरीच करून टाकायचा, नाहीतर रबरी शिक्का मारायचा. वॉरन हार्डिंग सिनेटर असतानाच्या पत्रांत हे फार आढळतं. माझी पहिली खरेदी नेमकी तसलीच निघाली. सिनेटचं लेटरहेड, १९१९ची तारीख, कागद अस्सल, विकणाऱ्यानं छातीठोकपणे दिलेलं. घरी आणून खात्रीच्या सह्यांशेजारी ठेवलं तर अक्षरांचा कल जुळेना, जोडण्या जुळेनात. फार वाईट वाटलं. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय, तुलनेला उपयोगी पडतं.

दहापट मोठं दाखवणारं भिंग आधी घ्या, पत्र नंतर. फाउंटन पेनवर जोर पडला की निबची दोन टोकं फाकतात, त्यामुळे रेषेच्या कडा गडद आणि मध्य फिकट दिसतो. रेघेवरून रेघ गेली की तिथे शाई दाटते. शिक्क्याची शाई सगळीकडे सपाट बसते. सिनेटरच्या पाकिटावर तिकिटाच्या जागी, टपाल फुकट जावं म्हणून, जी सही असते, ती बहुतेक वेळा छापील असते. ‘सही केलेलं पाकीट’ म्हणून ती विकतात, तिच्यासाठी पैसे मोजू नका.

उलट एका गोष्टीला उगाच घाबरू नका: टाइप केलेली अक्षरं फिसकटलेली दिसणं. त्या काळी बऱ्याच ऑफिसांत पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून प्रेसमध्ये दाबायचे आणि नक्कल काढायचे. त्या ओलीनं मूळ पत्राची शाई थोडी पसरते, कधी सहीचीसुद्धा. या नकला आणि कार्बन कॉप्या जपल्या गेल्या, हे आपलं भाग्य. रूझवेल्ट, टाफ्ट, विल्सन यांची कागदपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ऑनलाइन खुली केली आहेत. टाफ्टचीच सहा लाखांहून जास्त आहेत! तारीख आणि नाव टाकून शोधा, तुमच्या पत्राची नक्कल सापडूही शकते. विल्सनच्या बाबतीत तारीख आणखी महत्त्वाची. २ ऑक्टोबर १९१९ला त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. त्यानंतरच्या पत्रावर ठणठणीत, वळणदार सही दिसली तर थांबा.

आता पैशांचं. राष्ट्राध्यक्षपदाच्या काळातली पत्रं महागच असतात, आणि मजकूर दमदार असला की विचारूच नका. रूझवेल्टनी टाइप झालेल्या पत्रात स्वतः पेनानं शब्द खोडून वर दुसरे लिहिलेले असतात. असं पत्र मी एकदाच हातात घेतलंय, समासातली ती तिरकी, घाईची अक्षरं अजून डोळ्यांसमोर आहेत. ते घेणं परवडलं नाही. पण त्याच काळातले सिनेटर, मंत्री, उपराष्ट्राध्यक्ष खूप स्वस्तात मिळतात, आणि माझ्या मते खरा आनंद तिथेच आहे. रूझवेल्टचे परराष्ट्रमंत्री एलिहू रूट किंवा प्रतिनिधीगृहाचे सभापती जोसेफ कॅनन यांच्यापासून सुरुवात करा. नुसतं औपचारिक आभारपत्र टाळा, ज्यात काहीतरी म्हटलंय असंच घ्या.

लॅमिनेशन, सेलोटेप, ऊन या तिन्हींपासून पत्र लांब ठेवा. मायलरचं, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरचं, पाकीट पुरतं.

माझं सगळ्यात लाडकं पत्र निकोलस मरे बटलर यांचं आहे. १९१२च्या निवडणुकीत टाफ्टसोबतचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स शेरमन मतदानाच्या काही दिवस आधी वारले, तेव्हा त्यांच्या वाट्याची आठ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या निर्वाचकांची मतं) बटलरना दिली गेली. पत्र दोनच ओळींचं आहे: जेवणाला येता येणार नाही, क्षमस्व. बटलर तेव्हा कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. लेटरहेड कोलंबियाचं, तारीख १९१४ची. बाबासाहेब तेव्हा तिथेच शिकत होते.