गोल्फ शंकासमाधान : मुक्काम डंडी

प्रश्न : मुलगी स्कॉटलंडमध्ये डंडीला शिकते. जूनमध्ये आम्ही दोघं दहा दिवस तिच्याकडे जाणार आहोत. माझा हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) १८ आहे, पत्नीने गेल्या वर्षीच खेळायला सुरुवात केली. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायला मिळेल का? आणखी कुठे खेळावं? (औंध, पुणे)

उत्तर : मुक्काम डंडीलाच ठेवा, सेंट अँड्र्यूजला हॉटेल घ्यायची गरज नाही. ९९ क्रमांकाची बस टे नदीचा पूल ओलांडून साधारण अर्ध्या तासात तिथे पोचवते. पूर्वेला कार्नुस्टीपर्यंत रेल्वे आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी चारला सुरू केलेली फेरीही आरामात पूर्ण होते.

ओल्ड कोर्सवरच्या बऱ्याचशा जागा सोडतीने मिळतात. ज्या दिवशी खेळायचं, त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावं द्यायची, किमान दोन आणि जास्तीत जास्त चार. लोक चुकतात ते इथेच : गटातल्या प्रत्येकाकडे अधिकृत हँडिकॅप लागतो. पत्नीचा अजून नोंदलेला नसेल तर दोघांचं मिळून नाव देता येणार नाही. निघण्याआधी तुमच्या क्लबात पुरेशी स्कोअरकार्डं जमा करून तो नोंदवून घ्या. नाही जमलं, तर एकट्या खेळाडूंची वेगळी सोडत असते. त्यासाठी आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन, ओळखपत्र आणि हँडिकॅपचा दाखला दाखवून नाव द्यावं लागतं. उन्हाळ्यात फी तीनशे पौंडांच्या वर जाते. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो, तेव्हा तो दिवस दुसरीकडे वापरा.

दहा दिवसांत तीन-चार वेळा नाव देता येईल. तरीही सगळी सहल त्या एका सोडतीला बांधू नका. शेजारीच १८९५चा न्यू कोर्स आहे. माती तीच, वारा तोच आणि वेळ आधी ठरवता येते. पत्नीसाठी नऊ होलचा बालगोव्ह उत्तम. तो नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठीच केलेला आहे. तिथे हात बसला की स्ट्रॅथटायरम कोर्स. ओल्ड कोर्सवर ११२ बंकर (वाळूचे खड्डे) आहेत, स्ट्रॅथटायरमवर फक्त १५.

कार्नुस्टीचा कोर्स मात्र चुकवू नका. सतराव्या आणि अठराव्या होलवर बॅरी बर्न नावाचा ओढा वळसे घेत आडवा येतो. १९९९च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी असताना फ्रेंच खेळाडू जाँ व्हान द व्हेल्दने इथेच सात फटके घालवले आणि प्लेऑफमध्ये विजेतेपद गमावलं. २००७मध्ये पॅड्रिग हॅरिंग्टनचा चेंडू त्याच होलवर दोनदा ओढ्यात गेला, तरी पुढे तोच जिंकला. तुमच्या हँडिकॅपला अठराव्यावर दुसऱ्या फटक्यात ग्रीन (होलभोवतीचं आखूड गवत) गाठायचा विचारही नको. दुसरा फटका ओढ्याच्या अलीकडे सपाट जागी ठेवा, तिसऱ्याला वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या काठीने) ओलांडा. पाच झाले तर आनंदाने लिहा.

कार्नुस्टीच्या अलीकडेच पॅनम्यूर कोर्स आहे. १९५३ची ओपन जिंकण्याआधी बेन होगनने सराव केला तो इथे. आमच्या मते कार्नुस्टीच्या आदल्या दिवशी इथे खेळावं, म्हणजे जमिनीची सवय होते. पुलापलीकडच्या टेपोर्टमधला १८१७च्या क्लबाचा स्कॉट्सक्रेग सर्वांत जवळ. आणि समुद्रावर वारा फारच असला, तर तासाभरात ब्लेअरगावरी गाठा. तिथला रोझमाउंट कोर्स पाइन आणि बर्चच्या झाडीतून जातो, वारा अडतो.

प्रश्न : पुण्यात ग्रीनजवळून माझा ६० अंशांचा वेज छान चालतो. लिंक्सवर (समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरच्या कोर्सवर) तो घेऊच नका, असं मित्र सांगतात. का? (बाणेर, पुणे)

उत्तर : मित्र बरोबर सांगतात, आणि कारण जमिनीत आहे. आपल्याकडच्या बर्म्युडा गवतावर चेंडू थोडा उचललेला बसतो, खालची माती पाण्याने मऊ असते. लिंक्सवर वाळूवर वाढलेलं बारीक फेस्क्यू गवत असतं. पाणी लगेच झिरपतं, जमीन टणक राहते, चेंडू जवळजवळ मातीला टेकलेला असतो. वेजच्या तळाला बाऊन्स म्हणजे खालचा फुगवटा १० अंशांहून जास्त असेल, तर तो टणक जमिनीवर आपटून उसळतो, पुढची कड चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू ग्रीनपार जातो. वेज न्यायचाच तर ६ ते ८ अंश बाऊन्सचा न्या.

त्यापेक्षा पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवायची काठी) काढा. ग्रीनच्या बाहेर वीस-पंचवीस यार्डांवरूनही, मधलं गवत आखूड असेल तर पटरच. गवत ओलांडताना वेग मरतो म्हणून अंतर दहा-पंधरा टक्के जास्त धरा. मध्ये उंचवटा असेल तर ७ किंवा ८ नंबर आयर्न : चेंडू उजव्या पायाजवळ, हात किंचित पुढे, मनगट न मोडता पटरसारखाच झोका. चेंडू ग्रीनच्या अलीकडे पाडायचा आणि धावू द्यायचा.

वाऱ्यालाही हेच लागू. समोरून ताशी १० मैल वारा असेल तर ढोबळमानाने एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी लांब मारणारी काठी घ्या. वीस असेल तर दोन, कधी तीन. चूक होते ती जोर वाढवण्यात. जोराने चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते आणि वाऱ्यात तो वर चढून जागच्या जागी पडतो. दोन इंच खाली धरा, चेंडू जरा मागे घ्या, पाऊण झोका पुरे.

प्रश्न : तिथले बंकर माणसाच्या उंचीएवढे असतात म्हणे. आत गेलं तर करायचं काय? (नाशिक)

उत्तर : काही खरोखर तेवढे आहेत, आणि भिंत मातीच्या ढेपा रचून उभी केलेली असते. चेंडू भिंतीला लागून असेल तर ग्रीनकडे पाहू नका. बाजूला किंवा सरळ मागे काढा. तेही शक्य नसेल तर न खेळण्याजोगा जाहीर करा. एका फटक्याच्या दंडात बंकरच्या आतच मोकळ्या जागी टाकता येतो. २०१९पासून दोन दंड घेऊन होल आणि चेंडूच्या सरळ रेषेत मागे, बंकरच्या बाहेरही टाकता येतो. ओल्ड कोर्सच्या सतराव्यावरच्या रोड होल बंकरमध्ये दोन दंड बहुतेक वेळा स्वस्त पडतात.

टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, शंका वाटली तर डावीकडे मारा. ओल्ड कोर्सवर पहिल्या टप्प्यात बाहेर जाताना उजवीकडे गॉर्सची काटेरी झुडपं आणि परतताना उजवीकडेच बऱ्याच ठिकाणी हद्दीची भिंत असते. डावीकडे बहुधा शेजारच्या होलचं मोकळं गवत मिळतं. चेंडू शोधायला तीनच मिनिटं असतात, आणि गॉर्समध्ये ती लगेच संपतात.

प्रश्न : आम्ही कोणीच खेळत नाही, पण ओल्ड कोर्स पाहायचा आहे. आत सोडतात का? (ठाणे)

उत्तर : रविवारी जा. ती सार्वजनिक जमीन आहे. त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन फेअरवेवर फिरायला येतात. स्पर्धा नसेल तर अठराव्यावरच्या स्विल्कन पुलावर उभं राहून फोटो काढता येतो. ग्रीनवर आणि बंकरमध्ये तेवढं पाऊल टाकू नका.