कलौंजी म्हणजे कांद्याचं बी का? आणि तिने साखर उतरते का?

तुमच्या वडिलांना मधुमेह आहे, कुणीतरी त्यांना रोज कलौंजी खायला सांगितलंय, आणि कलौंजी म्हणजे कांद्याचंच बी असं ऐकल्यामुळे गावाकडून भावाने पेरणीसाठी आणलेलं बी वापरावं का, असं तुम्ही विचारलंय. ते बी आधी बाजूला ठेवा. विकतच्या बियाण्याला बहुतेक वेळा थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते पोटात जाता कामा नये.

नाशिकला आमचं काष्ठौषधी आणि मसाल्याचं दुकान आहे. वीस वर्षं मी गल्ल्यावर बसते आणि हा घोळ रोज बघते. कांद्याचं बी आणि कलौंजी दोन्ही काळी, दोन्ही कोनेदार, म्हणून नाव एकमेकांना चिकटलं. प्रत्यक्षात कांदा लसणाचा भाऊबंद, तर कलौंजी बचनागाच्या कुळातली. आयुर्वेदात तिला उपकुंचिका म्हणतात. त्यात ‘काळं जिरं द्या’ म्हणणाऱ्या कुणाला गोड्या मसाल्यासाठी शहाजिरं हवं असतं, कुणाला जंतांवरचं कडू जिरं, तर कुणाला कलौंजी. चटणीचे कारळे आणखी वेगळे, लांबट आणि चकचकीत. मी पुडी बांधण्याआधी ‘कशासाठी हवंय?’ हे विचारतेच.

घरी ओळखायचं असेल तर पाच-सहा दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने जोरात रगडा. कलौंजी असेल तर ओव्यासारखा, थोडा मिरीकडे झुकणारा उग्र वास लगेच नाकात शिरतो आणि तळहाताला तेलकटपणा लागतो. कांद्याच्या बियाला हा वास नाही.

त्या वासातच औषध आहे. कलौंजीच्या उडनशील तेलात थायमोक्विनोन नावाचा घटक असतो आणि बहुतेक संशोधन त्याच्याभोवती फिरतं. मधुमेहाच्या रुग्णांवर झालेल्या काही छोट्या चाचण्यांत रोज १ ते ३ ग्रॅम कलौंजी घेतल्यावर उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं. पण ते उतरलं नेहमीची औषधं चालू असताना. ही गोष्ट लोक वगळून सांगतात, आणि माझा सगळा जीव त्यासाठीच तुटतो. माझ्या सख्ख्या मामांनी ‘नैसर्गिक उपाय सापडला’ म्हणून गोळ्या बंद केल्या आणि नुसत्या कलौंजीच्या तेलावर राहिले. तीन महिन्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा घरच्यांना कळलं. अंगठा वाचला, पण ते दोन महिने आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत.

उलट बाजूही आहे. गोळ्यांच्या जोडीला भरपूर कलौंजी घेतली तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. वडिलांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा एखादी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. गरोदर बाईने स्वयंपाकात पडते तेवढीच खावी, औषधाच्या मात्रेत नाही.

पैगंबरांच्या वचनात या दाण्याला मृत्यू सोडून प्रत्येक आजारावरचा इलाज म्हटलं आहे. आमचे कितीतरी ग्राहक त्या श्रद्धेने नेतात आणि मला त्या श्रद्धेचा आदर आहे. त्यांनाही मी गोळ्यांबद्दल हेच सांगते.

पोषणाचं म्हणाल तर दाण्यात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास तेल असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल (एक स्निग्धाम्ल), शिवाय सुमारे पाचवा हिस्सा प्रथिनं. ऐकायला छान वाटतं, पण आपण खातो जेमतेम ३ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं अर्ध्या ग्रॅमच्या थोडी वर. पोषणासाठी तीळ, जवस, शेंगदाणे आहेतच की. कलौंजी खायची ती गुणासाठी आणि चवीसाठी. बंगाली पाचफोडणात ती असते, उत्तरेकडच्या कैरीच्या लोणच्यात आणि नानवर असते. मी थालीपिठाच्या भाजणीत घालते.

डॉक्टर हो म्हणाले तर तेलापेक्षा अख्खे दाणे घ्या. अर्धा चहाचा चमचा पुरे. तव्यावर नुसते कोमट करा, करपवू नका, आणि जेवणाच्या वेळी ताजे कुटून ताकात किंवा भाजीवर टाका. महिन्याची पूड एकदम करून ठेवलीत तर वास उडून जातो. बरणी अंधारात ठेवा. सुरुवातीचे पंधरा दिवस वडिलांची सकाळची साखर घरच्या यंत्रावर मोजून वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला ती वही बरोबर न्या.