जुना प्लॅटफॉर्म गेम नव्या कन्सोलवर आला की उडी चुकायला का लागते?

तुमचा प्रश्न असा आहे: लहानपणी पाठ असलेला प्लॅटफॉर्म गेम (उड्या मारत खड्डे आणि शत्रू पार करायचा गेम) नव्या कन्सोलवर पुन्हा विकत घेतला, लेव्हल त्याच आहेत, चित्रं तर कितीतरी सुंदर झाली आहेत, पण सोप्या खड्ड्यातही जीव जातोय. हा वयाचा परिणाम, की गेममध्येच काही बदललंय?

गेमचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण बहुतेक वेळा गेम बदललेला असतो. आणि जो बदल तुमच्या बोटांना जाणवतो तो डब्यावर लिहिलेला नसतो. डब्यावर असतं ते नवं ग्राफिक्स, नवं संगीत, जादा पात्रं. प्लॅटफॉर्म गेमचा जीव मात्र उडीत असतो: बटण दाबल्यावर पात्र किती वेळात वर जातं, किती वेगाने खाली येतं, हवेत असताना किती वळवता येतं आणि कडेवर पाय टेकला तर टिकतो का घसरतो. लेव्हल बनवणारा माणूस प्रत्येक खड्ड्याची रुंदी त्या एका उडीच्या मापाने ठरवतो. त्यामुळे नव्या आवृत्तीत उडी जराशी बदलली आणि खड्डे तसेच राहिले, की सगळा गेम बिघडल्यासारखा वाटतो.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण क्रॅश बँडिकूट; क्रॅश हे त्यातल्या नायकाचं नाव. पहिला गेम १९९६ साली प्लेस्टेशनवर आला, नॉटी डॉग या स्टुडिओने बनवलेला. २०१७ साली व्हायकेरियस व्हिजन्सने पहिले तीन गेम नव्या इंजिनवर (गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर) पुन्हा बांधले आणि ते 'एन. सेन ट्रिलॉजी' या नावाने आले. बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत जुने खेळाडू तक्रार करायला लागले की पहिला गेम आठवतो त्यापेक्षा अवघड झालाय. लोकांना वाटलं, ही नुसती आठवणींची गंमत असेल. पण निर्मात्यांनीच जाहीरपणे सांगितलं की टक्कर ओळखण्याची पद्धत आणि उडी मूळ गेमपेक्षा वेगळी आहे, आणि तिन्ही गेमसाठी क्रॅशची हाताळणी तिसऱ्या गेमवरून घेतली आहे. म्हणजे पहिल्या गेमचे खड्डे पहिल्या गेमच्या उडीसाठी खणलेले, आणि त्यावरून उडी मारायची ती तिसऱ्या गेमची.

खेळाडूंनी दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी लावून आणखी बारकाईने पाहिलं. नव्या क्रॅशच्या शरीराभोवती टक्कर मोजण्यासाठी जो अदृश्य आकार आहे तो औषधाच्या कॅप्सूलसारखा, खालून गोल आहे. जुन्या गेममध्ये अर्धा पाऊल कडेवर टेकलं तरी क्रॅश उभा राहायचा. नव्यात तोच गोल तळ कडेवरून घरंगळतो आणि क्रॅश खाली जातो. शिवाय उडीच्या माथ्यावरून तो जरा लवकर खाली येतो. 'द हाय रोड' या दोरीच्या पुलाच्या लेव्हलमध्ये, जिथे फळीफळीतलं अंतर जेमतेम उडीएवढं आहे, तिथे हा फरक सगळ्यात जास्त टोचतो. जुन्या गेममध्ये जी उडी 'कशीबशी बसली' असायची ती इथे बसत नाही. हाच गेम तुम्ही घेतला असेल तर तुमच्या हातात काहीही खोट नाही.

त्याच आवृत्तीत काही बदल उलट दिशेचेही आहेत, आणि ते मला पटतात. मूळ पहिल्या गेममध्ये रत्न मिळवायचं तर लेव्हलमधली सगळी खोकी एकदाही न मरता फोडावी लागायची. नव्यात ही अट फक्त रंगीत रत्नांपुरती ठेवली. मूळ गेममध्ये प्रगती साठवण्यासाठीही बोनस फेरी पार करावी किंवा रत्न मिळवावं लागे, आता ती आपोआप साठते. उडी कडक झाली आणि शिक्षा सैल झाली. एकूण हिशेब कुठे बसतो ते प्रत्येकाच्या स्वभावावर आहे. मला स्वतःला जुनी उडी आणि नवी शिक्षा अशी जोडी आवडली असती.

मारिओचा इतिहास पाहिला तर हा प्रकार फार जुना आहे हे कळतं. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९९३ साली सुपर निन्टेंडोवर 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या संग्रहात नव्या चित्रांसह आला. त्यात एक बारीक बदल आहे. मूळ गेममध्ये मोठा मारिओ डोक्याने वीट फोडतो तेव्हा तो तिथेच थांबून खाली उसळतो. ऑल-स्टार्समध्ये वीट फुटते आणि मारिओ वरच जात राहतो. ऐकताना क्षुल्लक वाटतं. पण विटांच्या रांगेखालून पळताना एक वीट फोडून लगेच जमिनीवर यायचं आणि पुढच्या शत्रूवर उडी घ्यायची, ही ज्यांची सवय होती त्यांची लय इथे तुटते. मारिओ अपेक्षेपेक्षा जास्त वेळ हवेत राहतो आणि शत्रू त्याच्या खाली येऊन उभा असतो.

उडी तीच ठेवली तरी पडदा बदलला की गेम बदलतो. हाच मारिओ १९९९ साली गेम बॉय कलरवर 'डिलक्स' म्हणून आला. मूळ यंत्राचं चित्र २५६ पिक्सेल रुंद आणि २४० उंच, तर गेम बॉय कलरचा पडदा १६० बाय १४४. चित्रं लहान न करता दिसणारा भाग कापावा लागला. वेग तोच, पण पुढचं दिसतं कमी, म्हणजे शत्रू दिसल्यावर विचार करायला मिळणारा वेळ कमी. वर-खाली बटण दाबून चित्र थोडं सरकवायची सोय दिली होती, पण पळता पळता ती कोण वापरणार? हातात धरायच्या यंत्रांवर आणलेल्या बऱ्याच गेमचं दुखणं हेच होतं. आता उलटं होतं: सोनिक या वेगाने पळायच्या प्लॅटफॉर्म गेमच्या २०१३ च्या मोबाइल आवृत्तीसारख्या ठिकाणी पडदा रुंद झाला, त्यामुळे पुढचं जास्त दिसतं आणि वेगाने पळणं सुरक्षित होतं.

त्याच सोनिकमध्ये आणखी एक मोठा बदल आहे. १९९१ च्या पहिल्या गेममध्ये जागेवर उभं राहून गिरकी भरायची आणि सुटायचं ही 'स्पिन डॅश' नव्हती, ती १९९२ च्या दुसऱ्या गेममध्ये आली. नंतरच्या आवृत्त्यांनी ती पहिल्या गेममध्येही घातली. सोय झाली, यात शंका नाही. पण पहिल्या गेमचे चढ असे आखलेले आहेत की मागे जाऊन, उतारावरून पळत येऊन वेग गोळा करावा. स्पिन डॅश हातात आली की त्या उतारांचं काम संपतं. मी नव्या खेळाडूला स्पिन डॅश वापरायलाच सांगेन, पण एकदा तिच्याशिवाय खेळून बघाच असंही आवर्जून सांगेन. जमिनीचे चढउतार तिथे का आहेत ते तेव्हाच कळतं.

कंट्रोलरचाही मोठा हात असतो. 'सुपर मारिओ ६४' १९९६ साली आला तेव्हा निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरवरच्या, कुठल्याही दिशेला कलणाऱ्या काडीने मारिओ किती हळू किंवा किती जोरात चालेल हे अंगठ्याने ठरवता यायचं. २००४ साली तो हातात धरायच्या निन्टेंडो डीएसवर आला, आणि डीएसला तशी काडी नव्हतीच. चार दिशांच्या बटणांवर चाला, पळायला वेगळं बटण धरून ठेवा, किंवा टचस्क्रीनवर अंगठा फिरवा. अरुंद फळीवरून हळूच सरकणं हे ज्या गेमचं अर्धं कौशल्य, त्यात ही अडचण लपत नाही. बदल्यात योशी, लुइजी आणि वारिओ खेळायला मिळाले आणि तारे १२० वरून १५० झाले. गेम म्हणून मला तो आवडतो, पण तो वेगळा गेम आहे असं समजूनच. कधी कधी तर नुसती बटणं फिरवली तरी पुरतं: उड्या मारत गोळ्या झाडायच्या मेगा मॅन या गेममालिकेच्या २००४ च्या संग्रहाच्या, गेमक्यूब कन्सोलवरच्या आवृत्तीत उडी आणि गोळी यांची बटणं अदलाबदल झाली होती आणि ती पूर्ववत करायची सोय नव्हती.

आता तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शंका येते त्या गोष्टीकडे येतो. जुना गेम जसाच्या तसा, फक्त इम्युलेशनने (नवं यंत्र जुन्या यंत्राची नक्कल करून) चालत असेल, तरीही तो वेगळा लागू शकतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंत जवळपास उशीरच नव्हता. आजचा सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो, वर वायरलेस कंट्रोलर आणि इम्युलेशनचा आपापला उशीर. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) धरल्या तर तीन फ्रेमचा उशीर म्हणजे ५० मिलिसेकंद. पूर्ण वेगाने पळणारा मूळ मारिओ एका फ्रेममध्ये अडीच पिक्सेल पुढे सरकतो, म्हणजे तीन फ्रेममध्ये साडेसात. एक वीट १६ पिक्सेलची. तुम्ही कडेवर बरोबर वेळी बटण दाबलंत तरी मारिओ जवळजवळ अर्धी वीट पुढे गेलेला असतो, आणि तिथे जमीन नसते.

वेगाचाही प्रश्न असतो. युरोपातल्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणाऱ्या) टीव्हीसाठी काढलेल्या अनेक जुन्या आवृत्त्या सुधारणा न करता तशाच चालवल्या जायच्या, म्हणजे ६० हर्ट्झच्या गेमपेक्षा सुमारे १७ टक्के हळू. पहिला सोनिक तिथे संगीतासकट संथ होता. लहानपणी जो त्या वेगावर खेळला असेल त्याला आजची ६० हर्ट्झची आवृत्ती उगाच घाई करणारी वाटेल. उलट काही संथपणा मुद्दाम जपला जातो. पहिल्या निन्टेंडो यंत्राला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता यायची, म्हणून गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे, आणि यंत्राला काम पुरं पडेना की गेमच मंदावायचा. २०१५ च्या मेगा मॅन लेगसी कलेक्शनमध्ये हे दोन्ही ठेवलं आहे. मला हा निर्णय फार योग्य वाटतो, कारण गोळ्यांच्या गर्दीत गेम मंदावायचा तेव्हाच आपण निसटायचो.

इम्युलेशन किती बारीक ठिकाणी वेगळं वागू शकतं याचं माझं आवडतं उदाहरण निन्टेंडोच्या वी कन्सोलवरच्या मारिओ ६४ चं आहे. 'बाउझर इन द फायर सी' या लेव्हलमध्ये काही फळ्या वर-खाली डुलत असतात. त्यांची उंची प्रत्येक फ्रेमला मोजताना दशांश थोडे छाटावे लागतात. मूळ यंत्र जवळच्या संख्येकडे छाटायचं, वीवरचं इम्युलेशन शून्याच्या दिशेने छाटतं. या फळ्या शून्याच्या खाली आहेत, त्यामुळे प्रत्येक फेरीत त्या नखभरापेक्षाही कमी, पण वरच सरकतात. यंत्र साधारण तीन दिवस तसंच चालू ठेवलं तर फळ्या इतक्या वर येतात की एरवी उडी मारावी लागते ती जागा न उडताच पार होते. उडीचं बटण कमीत कमी वेळा दाबून गेम संपवू पाहणाऱ्या खेळाडूंनी याचा खरोखर उपयोग केला आहे.

याच गेमची २०२० ची स्विच आवृत्ती १९९७ साली जपानमध्ये निघालेल्या सुधारित आवृत्तीवर आधारलेली आहे. मूळ गेममध्ये मागे लांब उड्या मारत गेलं तर वेगाला मर्यादाच नव्हती, आणि त्या वेगाने बंद दारांतून, न संपणाऱ्या जिन्यावरून आरपार जाता यायचं. सुधारित आवृत्तीत ती फट बुजवली होती, म्हणून २०२० च्या या स्विच आवृत्तीतही ती युक्ती चालत नाही. ती युक्ती करून पाहायचा बेत असेल तर ही आवृत्ती घेऊन उपयोग नाही.

काही पुनर्प्रकाशनांनी मला मनापासून समाधान दिलंय, आणि ती सगळी एकाच पद्धतीची आहेत: मूळ खेळ न हलवता बाजूला सोपा रस्ता दिला. 'डाँकी काँग कंट्री: ट्रॉपिकल फ्रीझ' २०१८ साली स्विचवर आला तेव्हा त्यात फंकी काँग हे पात्र घातलं. त्याला पाच हृदयं आहेत आणि तो हवेत दुसरी उडी मारतो. तो नको असेल तर मूळ गेम जसाच्या तसा शिल्लक आहे. २०१३ च्या 'डकटेल्स रिमास्टर्ड'मध्ये नायकाचं काठीवर उसळणं सोपं केलं, पण १९८९ सारखं खाली आणि बटण असं दोन्ही दाबायची सवय असलेल्यांसाठी सेटिंगमध्ये जुना पर्याय ठेवला.

तुम्ही आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड (चित्रावरची प्रक्रिया कमी करणारी सोय) चालू करा आणि जमलं तर कंट्रोलर वायरने जोडा. एवढ्याने उड्या बसायला लागल्या तर दोष उशिराचा होता. नाही बसल्या, तर गेम नव्या इंजिनवर बांधलेला आहे की इम्युलेशन आहे ते शोधा. नव्या इंजिनचा असेल तर पहिल्याच लेव्हलमध्ये एका सुरक्षित खड्ड्यापाशी थांबून नुसत्या उड्या मारत राहा: पूर्ण दाबून, अर्धं दाबून, कडेवरून, कडेच्या थोडं आधी. क्रॅश असेल तर फळीच्या कडेवर उतरायचा नाद सोडा आणि मधोमध उतरा. आणि गेमचं नाव खाली लिहा, म्हणजे त्या आवृत्तीत नेमकं काय बदललंय ते मला सांगता येईल.