वेळापत्रक 2049 च्या पुढं जाणार असेल तर

गड्या, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रक आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये किती टास्क (कामं) बसतील याच्या मर्यादेची काळजी सोड; बीडकडच्या सोलर प्लांटचं वेळापत्रक तिच्या जवळपासही जात नाही. खरी अडचण तारखेची. प्रोजेक्ट 2010 आणि त्याआधीच्या आवृत्त्या 31 डिसेंबर 2049 च्या पुढची तारीख घेतच नाहीत. 2013 च्या आवृत्तीपासून ही हद्द 2149 अखेरपर्यंत गेली. तुझा प्लांट 2026 ला सुरू झाला आणि देखभाल 25 वर्षांची धरली, की 2051 आलंच. म्हणून ठेकेदाराच्या साइट ऑफिसात कोणती आवृत्ती आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घे, फाइल तिथंच उघडायची असते. बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी जपून ठेवलेली योजनेची प्रत, अकराच मिळतात; दर बैठकीला नवी उधळू नकोस. टेक्स्टचे मोकळे रकाने तीस. गट नंबर, गाव, फीडर कुठं टाकायचं ते आधीच ठरव, मध्येच बदललंस तर जुन्या फाइलींशी मेळ बसत नाही.