'गेट' आणि फ्रेंच भाषक

प्रश्न : माझे एक फ्रेंचभाषक सहकारी इंग्रजी उत्तम वाचतात, परंतु बोलताना 'गेट' हे क्रियापद कटाक्षाने टाळतात. त्याचे अर्थ पाठ करण्यापलीकडचे आहेत, असे ते म्हणतात. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : अर्थ पाठ करणे हाच मार्ग मुळात चुकीचा आहे. 'गेट' हा शब्द इंग्रजीत स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आला, तर 'ऑब्टेन' आणि 'रिसीव्ह' हे शब्द १०६६ मध्ये फ्रेंचभाषक नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आले. त्यामुळे फ्रेंच भाषक बोलताना साहजिकच आपल्या ओळखीच्या शब्दांकडे वळतात. 'आय ऑब्टेन्ड अ टिकेट' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण गप्पांमध्ये ते सरकारी अर्जातून उचलल्यासारखे वाटते.

आपल्या सहकाऱ्यांनी 'गेट'पुढे काय येते, तिकडे लक्ष द्यावे. पुढे नाम आले तर बहुधा मिळणे, मिळवणे किंवा आणणे हा अर्थ असतो, आणि स्थळ आले तर पोहोचणे हा. विशेषण आले की अर्थ 'होणे' असा होतो, आणि खरी गफलत इथेच होते, कारण हा बदल फ्रेंच भाषा अनेकदा क्रियापदाच्या पोटातच सामावून घेते : 'गेट ओल्ड' म्हणजे नुसते 'व्हिएयीर', 'गेट फॅट' म्हणजे 'ग्रोसीर', तर 'गेट मॅरीड' आणि 'गेट लॉस्ट' यांसाठी 'स मारिये' आणि 'स पेर्द्र' ही आत्मवाचक, म्हणजे 'स' (स्वतःला) जोडून येणारी क्रियापदे. या वाक्यांत 'गेट'चा स्वतंत्र प्रतिशब्द शोधणारा माणूस नसलेली वस्तू शोधत असतो.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषा आश्चर्यकारकरीत्या जुळतात. केस कापून घेणे याला इंग्रजीत 'गेट युअर हेअर कट' आणि कुत्र्याने चावणे याला 'गेट बिटन' म्हणतात. फ्रेंचमध्येही 'स फेर कुपे ले शव्ह' आणि 'स फेर मोर्द्र' अशी एकाच घडणीची रूपे आहेत. स्वतःहून करवून घेतलेले काम आणि नकळत ओढवलेला प्रसंग, दोन्हींना एकच 'स फेर' चालते. माझ्या मते सरावाची सुरुवात इथूनच करावी.

'गेट अप', 'गेट ऑफ' यांसारखी जोडरूपे मात्र स्वतंत्र शब्द समजूनच शिकावी लागतात. फ्रेंचमध्ये त्यांच्यासाठी 'स लव्हे', 'देसांद्र' अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत.

शेवटी, 'आय हॅव गॉट अ कार' यात मिळवण्याचा काहीही संबंध नाही; ते फ्रेंचमधील साध्या 'असणे'इतकेच आहे. गाडी नव्याने मिळाली असेल तर अमेरिकन माणूस 'हॅव गॉटन' म्हणेल, पण ब्रिटिश माणूस बहुधा दोन्हीकडे 'गॉट'च वापरेल, आणि तिथे अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागेल.